टपरीवरची दुसरी मीटिंग

ऑफिसात छत्र्या, फुटके मग आणि किस्से कधी साठतात ते कळत नाही. छत्र्या निदान कोणीतरी उचलून नेतं. किस्से माझ्याकडेच राहिले, कारण बहुतेकांत गाढव मीच आहे!

कांजूरमार्गला आमची पंपाचे सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी. पर्चेसला आम्ही तिघं: मी, म्हणजे सावंत, स्टोअर सांभाळणारा गायकवाड, आणि नवीन लागलेली शिल्पा. आमचे मॅनेजर कदम सर एरवी साधं मराठी बोलतात, पण मीटिंगला बसले की दर वाक्याला एक इंग्रजी वाक्प्रचार! आम्ही मान डोलावतो. मग खाली परबमामांच्या चहाच्या टपरीवर दुसरी मीटिंग भरते. विषय एकच, सर नक्की काय म्हणाले? सरांना विचारायचं नाही. विचारलं तर अब्रू जाते ना!

*

या दुसऱ्या मीटिंगचा अध्यक्ष मी. एकदा सर म्हणाले, "बॉलपार्क फिगर द्या." मी गुपचूप टॉयलेटमध्ये शिरलो, मोबाईलवर शोधलं आणि टपरीवर येऊन म्हणालो, "अंदाजे आकडा रे. एवढं येत नाही?"

झालं, मी डिक्शनरी झालो! विक्रोळीच्या मराठी शाळेत इंग्रजीत काठावर पास झालेला माणूस! मोबाईल गायकवाडकडेही होता, पण "सावंत असताना मोबाईल कशाला?" असं तो म्हणायचा. ही इज्जत मला फार प्यारी होती. तिच्यापायी टॉयलेटच्या फेऱ्या इतक्या वाढल्या, की गायकवाडने एक दिवस हळूच माझ्या हातात ओव्याची पुडी ठेवली.

*

एकदा टॉयलेटमध्ये रेंज नव्हती. सर म्हणाले होते, "शुक्रवारी टच बेस करू." मी ठोकून दिलं, "कामाचा पाया तपासणार. जुन्या फायली काढा!"

दोन दिवस आम्ही धूळ खात फायली काढल्या. शुक्रवारी सर आले. त्यांना फक्त "काय, कसं चाललंय?" एवढंच विचारायचं होतं. फायलींचा ढीग बघून ते गहिवरले. "वा! दर शुक्रवारी असंच करा."

आम्ही अजून करतोय.

*

शिल्पा इंग्लिश मीडियमची. पण सरांचं इंग्रजी विचारलं की म्हणायची, "काका, हे आमच्या सिलॅबसला नव्हतं." तिचं इंग्रजी फोनवरचं. खरं बोलतेय हे सांगायला ती "नो कॅप" म्हणायची. मला आवडलं. मी सप्लायरना मेलखाली लिहायला लागलो, "पेमेंट सोमवारी. नो कॅप. आपला नम्र, सावंत."

महिनाभराने तिला विचारलं, "हल्ली तू ते म्हणत नाहीस?"

"तुम्ही म्हणायला लागलात ना काका, त्या दिवशी सोडलं!"

*

सरांच्या आत्या वारल्या. सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडले. मला वाटलं, डिक्शनरीला शोभेल असं काहीतरी हवं. लिहिलं, "सर, एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग."

शिल्पा धावत आली. "काका! आत्या गेल्या त्यात काहीतरी चांगलं आहे, असं लिहिलंत तुम्ही!"

गायकवाडने शांतपणे चहाचा घोट घेतला. "आत्यांचा घाटकोपरचा फ्लॅट सरांनाच मिळणार आहे. बरोबर लिहिलंय."

*

आणि मग तो कॉल. जर्मनीचे साहेब, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. व्हिडिओवर म्हणाले, "या ऑर्डरसाठी प्लीज डोन्ट बॉइल द ओशन." कदम सरांसकट आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. माल बांधून तयार, ट्रक दारात.

टपरीवर परबमामा म्हणाले, "समुद्र कित्याक उकळूचो? मीठ व्हया?"

तेवढ्यात कदम सर टपरीवर आले. पहिल्यांदाच! "सावंत, अर्थ मी शोधला. झेपणार नाही एवढं मोठं काम अंगावर घेऊ नका. पण आपण साधे वॉशर पाठवतोय रे! माल पाठवायचा की थांबवायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर चुकलं असतं तर ऑर्डर गेली असती. मी म्हटलं, "सर, मला माहीत नाही. मला काहीच येत नाही. मी टॉयलेटमध्ये जाऊन शोधतो."

सर म्हणाले, "म्हणजे माझ्या शेजारचा दरवाजा नेहमी बंद असायचा, तो तू?"

दुसऱ्या दिवशी कॉलवर विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी विचारलं, "सर, बॉइल द ओशन... म्हणजे आम्ही नक्की काय नाही करायचं?"

साहेबांनी वळून मागे बसलेल्या आपल्या तीन माणसांकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला.

"आमचे मोठे साहेब दर मीटिंगला हे म्हणतात," ते म्हणाले. "मी विचारलं नाही कधी."

मागचे तिघे मान डोलावत होते.