मामेसासरे आणि धुराचा नियम

छापील अक्षरावर माझ्या मामेसासऱ्यांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात नाही, आणि शेजारचं कर्जत धरलं तरी नसावा. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होताना लोक नारळ घेऊन घरी येतात, हे नियमपुस्तक डोक्यात घेऊन आले. लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं असलं की रिकाम्या हाताने जाऊन पोटभर जेवतात, आणि यजमानाने तोंड वाकडं केलं तर खिशातून त्याचीच पत्रिका काढून त्याला दाखवतात. ‘चांगले हलवून घ्या’ असं लिहिलेलं औषध त्यांनी एकदा इतकं चांगलं हलवलं, की ते मामींच्या पोटाऐवजी पातळावर गेलं.

औषध खोकल्याचं होतं. त्यांच्या गावाच्या कडेला एक कारखाना आहे. वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं. डॉक्टरांनी सहज विचारलं, “घराजवळ धूर किती असतो?” आणि ज्यांचं तिकीट कधी चुकलं नाही ते मामा आकड्यासाठी खिसे चाचपायला लागले. दुसऱ्याच दिवशी कर्जतला माझ्या दारात हजर. “जावईबापू, धुराचा नियम काढा. किती सोडायचा ते कुठंतरी छापलेलं असणारच.”

छापलेलं होतं, पण कुणी चोरून नेऊ नये अशा बेताने ठेवलं होतं. पहिली लिंक दुसरीकडे न्यायची, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी परत पहिलीकडे. “ही तर आमची खोपोली-खालापूर-खोपोली फेरी झाली,” मामा म्हणाले. एक कागद उघडला तो उलटा स्कॅन केलेला. मी तो सरळ करायचं बटण शोधेपर्यंत मामांनी माझा लॅपटॉपच उलटा धरला होता. मग एका पानाने, आपण माणूसच आहोत हे सिद्ध करण्यासाठी, धुराडी असलेली चित्रं निवडायला सांगितली. मामांनी मला कोपराने सरकवलं. चष्मासुद्धा न लावता सगळी धुराडी टिपली आणि म्हणाले, “चला, एक तरी प्रश्न येणारा विचारला!”

चार रविवार गेले. शेवटी धुराची मर्यादा सापडली आणि त्या कारखान्याचं परवानगीपत्रही. त्यात एक अट होती: धुराचे आकडे गेटबाहेर, लोकांना दिसतील असे फलकावर दाखवावेत. मामांनी ती माझ्याकडून तीनदा मराठीत वदवून घेतली, लिहून काढली आणि लॅमिनेट केली.

फलक गेटवर होता. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा लटकत होत्या. वॉचमन म्हणाला, “काका, बोर्ड बंद हाय.”

“मग चालू करा.”

“सायबांना विचारावं लागंल.”

“विचारा की. मी बसतो. मला कुठली गाडी सोडायची हाय?”

मामांनी घरून स्टूल आणलं. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला, थांब्याचं नाव पुकारावं तशा खड्या आवाजात, ती अट ऐकवायला लागले. नवव्या दिवशी शुभेच्छा उतरल्या आणि फलक पेटला. आकडे मर्यादेच्या वर होते. मामांनी प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला, त्याला परवानगीपत्राची झेरॉक्स जोडली. तपासणीला माणसं आली, आणि हळूहळू आकडे उतरायला लागले.

तोवर खोकून खोकून अर्ध्या झालेल्या मामींना माथेरानला लेकीकडे पाठवलं होतं. लेकीचा नवरा तिथे हॉटेलात कामाला. वर गेल्यावर पंधरा दिवसांत खोकला थांबला.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मामा फलकासमोर उभे होते, फोन स्पीकरवर. आकडा मर्यादेच्या आत होता. मामींचा आवाज आला, “आला ना नियमात? मग मी येऊ का?”

मामांनी फलकाकडे पाहिलं. मग वर, धुराड्याकडे.

“नको गं. थांब अजून थोडी.”

फोन खिशात टाकून माझ्याकडे न बघता म्हणाले, “आकडा बसतो हो नियमात. पण नियम करणाऱ्यानं तिचा खोकला कुठं ऐकलाय?”

थोडं पुढे चालून गेले आणि थांबले. “नेरळपर्यंत सोडता का, जावईबापू? दोन दिस वर राहून येतो.”

मी गाडी सुरू केली. मामा शेजारी बसले, डोंगराकडे बघत. सीटबेल्ट लावायचा राहिला होता. मी हळूच हात पुढे करून तो लावून दिला.