खिसेभाऊंचा पाना

विमानतळावरच्या आमच्या दुरुस्ती विभागात त्यांना सगळे खिसेभाऊ म्हणत. एकदा पाना हरवला म्हणून भाऊंनी भरलेलं विमान थांबवलं, प्रवासी उतरवले, आणि पाना निघाला त्यांच्याच मागच्या खिशात. तेव्हापासून कँटीनवालासुद्धा चमचा देताना म्हणायचा, "भाऊ, परत करा हं!" भाऊ सगळ्यांबरोबर हसायचे. घरी मात्र जेवताना गप्प असायचे, असं वहिनी सांगत.

त्या दुपारी इंजिनाचं झाकण लावून ते खाली उतरले, तर हत्यारांच्या पेटीत पान्याची जागा रिकामी. त्यांनी सगळे खिसे उलटे केले. पाना नव्हताच.

"काय भाऊ, निघू द्यायचं ना?" सुपरवायझर साहेबांनी लांबून विचारलं. भाऊंची मान आपोआप होकारार्थी हलली. विमान उडालं.

भाऊ तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी घरी फोन लावला. "अगं, पाना इंजिनात राहिला."

"मग सांगा ना कुणाला तरी!"

"हसतील गं."

"अहो, आत माणसं बसलीयत!"

भाऊ साहेबांच्या खोलीत पोचले. "साहेब, पाना..." एवढ्यानेच खोलीतले सगळे खदखदून हसले. मागे उभ्या दोघांपैकी एकाने त्यांचा खिसाही चाचपला. भाऊंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"हसा हो, पोटभर हसा! पण आधी ते विमान खाली बोलवा!"

साहेबांचा हात फोनकडे झेपावला. मागचे दोघे अजून हसतच होते.