जानकीपुरमची कचरागाडी

आमच्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. रोज सकाळी गल्लीगल्लीत दारं उघडतात, प्रत्येक दारात एक माणूस आणि त्याच्या हातात त्याचा कचरा. दिवसाला एक तरी किस्सा पदरात पडतोच. अडचण एवढीच, की तो सांगायला घरी कोणी नाही.

मी मूळचा कराडचा. एअरफोर्समध्ये होतो, शेवटचं पोस्टिंग इथल्या बख्शी का तालाबच्या विमानतळावर. रिटायर झालो आणि इथेच, जानकीपुरममध्ये, कचरा उचलणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर म्हणून चिकटलो. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा बंगळुरूला. त्याला फोनवर मराठीत किस्सा सांगायला घेतला की तो हिंदीत म्हणतो, "हाँ पापा, मीटिंग में हूँ." मग संध्याकाळी मी कुकरला सांगतो. तो निदान वेळेवर शिट्टी तरी मारतो!

*

सुक्या कचऱ्याची नवी गाडी आली तेव्हाची गोष्ट. गाडी दिल्लीच्या योजनेतून, डिझेल नगर निगमचं, ड्रायव्हर कंपनीचा. सगळं कागदावर चोख. फक्त भोंगा कुणाच्याच कागदात नव्हता! गाडी मुकाट यायची, मुकाट जायची, आणि लोक तक्रार करायचे की गाडी येतच नाही.

मी झोन ऑफिसात गेलो. तिथले श्रीवास्तवसाहेब सज्जन माणूस. त्यांनी तिन्ही फायलींतल्या खर्चाच्या बाबी उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाले, "देखिए, गाड़ी की मद है, डीज़ल की मद है. आवाज़ की कोई मद नहीं है."

शेवटी आमचा ड्रायव्हर राजकुमार घरचा जुना स्पीकर घेऊन आला. मोबाइलवर माझाच आवाज रेकॉर्ड केला, "सूखा कचरा नीली बाल्टी में, गीला कचरा हरी बाल्टी में." दुसऱ्या दिवशी एक बाई बादली घेऊन गेटवर आल्या. थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि राजकुमारला विचारलं, "भैया, ये गाड़ी कहाँ की है? हिंदी तो ठीक बोलती है, पर यहाँ की नहीं लगती."

मी शेजारच्याच सीटवर बसलो होतो. या शहरात अकरा वर्षं झाली मला!

*

निळ्या बादल्या फुकट वाटल्या होत्या, घरटी एक. वाटल्या त्या दिवशी केवढी गर्दी! फोटो निघाले, भाषण झालं. आठवड्याने पाहतो तर रस्त्यावर एकही निळी बादली नाही. सुका कचरा पुन्हा ओल्यात.

मी घरोघरी चौकशीला निघालो. एका घरी बादलीत आटा, एका घरी कपडे भिजत घातलेले, एका घरी तिच्यात कढीपत्ता लावलेला. एका गुप्ताभाभींनी तर बादली आतून आणून दाखवली. लख्ख घासलेली, वर कापड झाकलेलं.

"भाभीजी, ये कचरे के लिए है."

त्या दुखावल्याच. "इतनी अच्छी बाल्टी में कचरा डालेंगे? आप लोगों के यहाँ ऐसा करते हैं क्या?"

*

दोन वॉर्डांच्या हद्दीवर एक ढीग आहे. प्लास्टिक, थर्माकोल, फाटक्या चपला. सकाळी या वॉर्डाचे लोक तो झाडून रस्त्यापलीकडे सारतात. दुपारी त्या वॉर्डाचे लोक पुन्हा अलीकडे. याच्यावर एक मीटिंग झाली. दोन्हीकडचे इन्स्पेक्टर, कॉलनीचे सेक्रेटरी, कंपनीतर्फे मी. सगळे नकाशा पसरून दोन तास बसले. चहा दोनदा झाला. ढीग कुणाचा, हे काही ठरेना.

राजकुमार दाराशी उभा होता. तो अदबीने म्हणाला, "साहब, एक बार इसका वोटर कार्ड देख लीजिए न."

सगळे हसले. मीटिंग तिथेच संपली. ढीग अजून तिथेच आहे.

*

आमच्या शेडमध्ये शबनम बाजी, म्हणजे सगळ्यांची ताई, सुका कचरा निवडतात. पुठ्ठा इकडे, बाटल्या तिकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. हात चालू असतानाच त्या कचऱ्यावरून घरोघरच्या बातम्या सांगतात, "तीन नंबर में पोती हुई है. मोड़ वाले डॉक्टर साहब ने फिर सिगरेट शुरू कर दी." सगळं खरं निघतं!

माझा कचरा मी रोज स्वतःच शेडवर नेऊन देतो. एक दिवस बाजी म्हणाल्या, "साहब, एक बात पूछें? बुरा तो नहीं मानेंगे?"

"पूछिए."

"दो साल से देख रहे हैं. आपके घर में किसी का जन्मदिन नहीं होता?"

मी हसून वेळ मारून नेली. पण रविवारी बेकरीत गेलो, अर्धा किलोचा केक घेतला. दोन तुकडे खाल्ले, बाकीचा वॉचमनला दिला आणि खोका दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून शेडवर नेला.

बाजींनी तो वरच्या वर उचलला. "अरे, मुबारक हो साहब! किसका था?"

"मेरा," मी म्हणालो.

जून चालू होता. माझा वाढदिवस जानेवारीत असतो.

*

शेवटच्या गल्लीत सक्सेनाजी राहतात. ऐंशीच्या पुढचे, एकटेच. सगळं शहर रद्दी महिनाभर साठवतं आणि कबाडीवाल्याला विकतं. सक्सेनाजी रोज एक पेपर गाडीत देतात. एकच! गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले असतात. गाडी थांबली की उठतात, पेपर पुढे करतात आणि राजकुमारशी बोलत राहतात. मुलीची परीक्षा कशी झाली, आईचा गुडघा कसा आहे, आज गोमतीपलीकडे ट्रॅफिक किती.

आमच्या गाडीवर जीपीएस आहे. दर घरामागे सेकंद ठरलेले आहेत. कंट्रोल रूमचा मला फोन आला, "इस मकान पर गाड़ी रोज़ पाँच मिनट क्यों रुकती है? बंद करवाइए."

त्याच दिवशी शबनम बाजींनी एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "साहब, ये सब आख़िरी गली वाले बाबूजी के हैं. देखिए, एक भी खुला नहीं है. रबर वैसे ही चढ़ा है."

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून गेलो. सक्सेनाजींना काय सांगायचं, याची वाटेत दोनदा उजळणी केली. गाडी थांबली. ते उठले, पेपर पुढे केला.

मी खाली उतरलो. कंट्रोल रूमचं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "बाबूजी, आप अख़बार पढ़ते नहीं हैं क्या?"

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कैसे पढ़ेंगे बेटा? दो साल से दिखता कहाँ है."

"फिर मँगाते क्यों हैं?"

पेपर धरलेला हात अजून पुढेच होता.

"देने के लिए," ते म्हणाले.

राजकुमारने गाडीचं इंजिन बंद केलं.