एक जोडी, दोन म्हातारे

घोरावाडी स्टेशनच्या बाकावर आम्ही प्रेस शॉपमधले जुने कामगार रोज संध्याकाळी बसतो. जन्मभर पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दणका खाल्लेले कान. त्यामुळे किस्से घडवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. त्यातले हे थोडे.

* * *

मुलाने मला कानाची मशिनं घेतली. तळेगावच्या दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, लाल उजव्या कानात, निळं डाव्या. दोन्ही एकमेकांशी वायरलेस बोलतात. एकाचं बटण दाबलं की दोन्हींचा आवाज वाढतो."

मी म्हटलं, "बोलू द्या. पण माझ्याबद्दल काय बोलत्यात ते मला कळलं पायजे!"

* * *

मारुती माझ्या शेजारच्या प्रेसवर होता. माझ्याहून बहिरा. पण मरेल, कबूल करणार नाही. मशिनं बघून हसला, "नाना, म्हातारा झालास!"

मी निळं काढून त्याच्या कानात घातलं. मालगाडी गेली. मारुती ताडकन उभा!

"आयला, हिला एवढा आवाज हाय व्हय?"

तेव्हापासून बाकावर लाल माझं, निळं त्याचं. सेल घ्यायला दोघं दुकानात गेलो, तर ती पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ती जोडी आहे! प्रत्येक कानाचं सेटिंग वेगळं असतं!"

मारुती म्हणाला, "आमची बी जोडीच हाय."

* * *

खांद्याला खांदा लावून बसलो, की त्याने बटण दाबल्यावर माझ्या कानात टुंग व्हायचं आणि आवाज वाढायचा. मी कमी केला की त्याचाही कमी. हातभर सरकलं, की ज्याचं त्याचं.

"नाना, कमी करू नगंस!"

"मग लांब बस!"

"लांब बसून ऐकू कुणाचं?"

* * *

मोबाईलही मशिनांना जोडलेला. फोनचा आवाज दोन्हींत येतो, हे मी विसरलो. बायकोचा फोन आला.

"घरी या आता. मारुतीभावजींचं काय! त्यांची वाट बघाया घरात हाय कोण?"

मारुती उठला. पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. निळं कानातच.

* * *

मग रोज तो तिकडे, मी इकडे. मी बोलवायला गेलो नाही. मुलाने विचारलं, "दुसरं मशीन कुठंय?" म्हटलं, "सेल संपलाय."

काल मी बाकावर एकटाच होतो. हात मांडीवर. कानात टुंग झालं. आवाज वाढला. पुन्हा टुंग. आणखी वाढला.

मी मान वळवली नाही.

"कमी कर," म्हटलं. "बहिरा हायेस का?"

मागून मारुती म्हणाला, "व्हय."