प्रेमलता सिस्टरनं वाचून दाखवलं

धरमपेठेतल्या आमच्या दवाखान्यात कोणी काही वाचत नाही. पेशंट संमतीपत्र न वाचता सही करतो. नातेवाईक भिंतीवरच्या सूचना वाचत नाहीत. आणि डॉक्टर ऋषिकेश सकाळच्या राउंडला तीस-तीस कागदांवर सह्या करतात, पण नजर मोबाईलवरून हलत नाही. सिस्टर कागद पुढे सरकवते, बोटानं जागा दाखवते, साहेबांचा हात चालतो. वाचणारा एकटा मी. पेशंट घरी गेला की त्याची फाईल रेकॉर्ड रूममध्ये माझ्याकडे येते, आणि पानं पूर्ण आहेत का ते पाहून मी ती रॅकवर लावतो.

प्रेमलता रंगारी कळमेश्वरहून येते. नवरा तिथल्याच एमआयडीसीत फिटर आहे. एकोणीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली अकरा आमच्याकडे. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खिशात दोन पेन, आणि अक्षर असं की औषधवाल्याला फोन करून विचारावं लागत नाही. बोलते कमी. तिच्यावर ओरडायला सोपं, असा डॉक्टरांचा समज त्यामुळेच झाला असावा.

डॉक्टर ऋषिकेश फार हुशार आहेत, असं मी ऐकून आहे. नातेवाइकांशी बोलताना त्यांच्या तोंडात साखर असते. ट्रस्टींवर ते कधी चिडत नाहीत, आमदाराचा भाऊ ॲडमिट असला तर अजिबात चिडत नाहीत. चिडायला त्यांना नेमकी पगारावरची बाई सापडते. लोक म्हणतात, सरांचा स्वभाव तापट आहे. तापट कसला? भेकड आहे तो माणूस.

दुपारी ते इतवारीकडच्या आपल्या खाजगी क्लिनिकमध्ये बसतात आणि वॉर्डातली औषधं फोनवर सांगतात. फोनवरच्या ऑर्डरीचा आमच्याकडे नियम आहे, तो लॅमिनेट करून सिस्टरच्या टेबलामागे चिकटवलेला आहे. डॉक्टर सांगतील ते शब्दशः लिहायचं. लिहिलेलं त्यांना फोनवरच वाचून दाखवायचं. त्यांच्याकडून ‘बरोबर’ असं ऐकायचं. आणि चोवीस तासांत कागदावर त्यांची सही घ्यायची. इतर सिस्टर औषधाचं नाव आणि प्रमाण तेवढं लिहीत. प्रेमलतानं शब्दशः लिहायला सुरुवात केली.

असा पहिला कागद मी दिवाळीनंतर पाहिला. ‘दुपारी २.१०. डॉ. ऋषिकेश यांचा फोन. “पँटोप्राझोल चाळीस दे, सलाईन हळू कर. समझी क्या? का डोकं कळमेश्वरलाच ठेवून आलीस, म्हशी?” वाचून दाखवताना फोन बंद केला. प्रे. रंगारी.’ आणि खाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेची, साहेबांची ऐटबाज सही.

मला हसू आलं. चहा पिता पिता मी तो कागद दोनदा वाचला आणि फाईल रॅकवर लावली. पुढच्या चार महिन्यांत असे अकरा कागद आले. म्हैस होती, बिनडोक होती, ‘तुझ्या बापानं पैसे देऊन पास केलं काय’ होतं. प्रत्येकाखाली सही. दर वेळी मी वाचत होतो, मान हलवत होतो आणि फाईल तिच्या जागेवर ठेवत होतो.

मार्चमध्ये भेटायच्या वेळेला, वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला असताना, प्रेमलतानं एका इंजेक्शनचं प्रमाण पुन्हा विचारलं. तेवढंच. साहेबांनी फाईल तिच्या पायाशी फेकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “तुझ्यासारखीनं लोकांकडे भांडे घासावे. इथे माणसं मारायला काहून येतेस?” तिनं फाईल उचलली, इंजेक्शन दिलं, ड्यूटी संपवली आणि जाताना एचआरला चार ओळींची तक्रार दिली.

एचआरला आमच्या भैरवी मॅडम आहेत. त्यांच्या दारावर ‘आम्ही तुमचं ऐकतो’ अशी पाटी आहे, आणि दार बहुधा आतून बंद असतं. मॅडमनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आपल्या घरात असली भाषा कोणी बोलत नाही. मॅडमनी वॉर्डातल्या दुसऱ्या दोन सिस्टरना विचारलं. त्या दोघींना नेमकं त्याच वेळी ऐकू आलं नव्हतं. झाली चौकशी! मग मॅडमनी प्रेमलतापुढे टाईप केलेला माफीनामा ठेवला. ‘मी गैरसमजातून खोटी तक्रार केली, त्याबद्दल माननीय डॉक्टरसाहेबांची क्षमा मागते.’ शुक्रवारपर्यंत सही करायची, नाहीतर सोमवारपासून यायचं नाही.

प्रेमलता माफीनाम्याची घडी हातात घेऊन रेकॉर्ड रूमच्या दारात आली.

“उन्मेषभाऊ, मार्चपर्यंतच्या माह्या फोनच्या ऑर्डरी तुमच्यापाशी आहेत न?”

पत्राशिवाय फाईल देता येत नाही, असं मी म्हणालो. माझी नोकरी मला प्यारी. तिनं मागितलंही नव्हतं, तरी मी म्हणालो.

“मले नका देऊ. तक्रार समितीकडे जाऊन राहिली मी, तिनं मागितल्या तं द्या,” ती म्हणाली. “माफीनाम्यावर सही केली तं नोकरी राहीन, पण मी खोटारडी ठरीन. अकरा वर्षं नाव लिहून राहिली मी त्या कागदायवर. त्याच नावानं हे कसं लिहू?”

तक्रार समितीपुढे तिनं अर्ज केला की, आपल्या अकरा फायली मागवाव्यात. समितीचं कामही बघणाऱ्या भैरवी मॅडमनी आनंदानं मंजुरी दिली. त्यांना वाटलं, तिच्याच चुका निघतील. फायली उघडून आधी बघाव्यात, एवढंही त्या बाईला सुचलं नाही. आमच्या दवाखान्यात वाचायची पद्धत नाही, हे मी आधीच सांगितलं.

गुरुवारी दुपारी तीनला मीटिंग हॉलमध्ये समिती बसली. समोसे आले. समितीत बाहेरची एक व्यक्ती लागते म्हणून नंदिनीताईंना बोलावलं होतं. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. चहा पितील, सही करतील आणि जातील, असा मॅडमचा हिशेब. मी अकरा फायली टेबलावर मांडून भिंतीशी उभा राहिलो.

नंदिनीताईंनी चष्मा लावला. “डॉक्टर, या कागदांवर सही तुमचीच ना?”

डॉक्टर हसले. “माझीच. न वाचता मी कशावरच सही करत नाही, मॅडम. पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. चुका असतील तर त्या लिहिणाऱ्याच्या.”

“छान. सिस्टर, वाचा.”

प्रेमलता उभी राहिली आणि फोनवर वाचतात तशी वाचायला लागली. आवाज वर नाही, खाली नाही. औषध, प्रमाण, वेळ, म्हैस. औषध, प्रमाण, वेळ, बिनडोक. तिसऱ्या कागदाला भैरवी मॅडमनी समोसा बशीत परत ठेवला. पाचव्याला डॉक्टर म्हणाले, हे नंतर घुसडलंय. नंदिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन दाखवलं की शेवटच्या शब्दाला लागूनच सही आहे, मध्ये बोट ठेवायला जागा नाही. आयुष्यात तेवढं एक काम मी धड केलं.

अकराव्या कागदाशी ती थांबली. बापानं पैसे देऊन पास केल्याचं त्यात होतं. तेही तिनं तसंच वाचलं. मग कागद खाली ठेवून डॉक्टरांकडे बघत म्हणाली, “बरोबर आहे न, सर?”

डॉक्टर छताकडे बघत होते.

“बरोबर म्हणा लागते, सर. नियम आहे. तुमी दर बारीले फोन कापून देता, म्हणून राहून गेलं.”

इतवारीतून वॉर्डाला थरथर कापायला लावणारा तो गळा. त्यातून शेवटी कसंबसं निघालं, “बरोबर.”

नंदिनीताईंनी माफीनामा उचलला आणि भैरवी मॅडमपुढे धरला. “टाईप तर झालाच आहे. मजकूर आणि नाव बदलून आणा. मी बसते.”

मॅडम स्वतः गेल्या, स्वतः टाईप करून आणला. डॉक्टरांनी तो तीनदा वाचला आणि सही केली. मी त्या माणसाला सही करण्याआधी वाचताना पहिल्यांदाच बघत होतो. आता ते सगळेच कागद वाचतात. पेशंटची काळजी म्हणून नव्हे, आपली शिवी कुठे राहिली तर नाही ना म्हणून. परवा त्यात एक चुकीचं प्रमाण सापडलं त्यांना, स्वतःचंच. पेशंटचं नशीब.

त्या गुरुवारी संध्याकाळी फायली परत लावत होतो, तेव्हा प्रेमलता आली. मी म्हटलं, “जिरवली सिस्टर तुम्ही त्याची.” ती हसली नाही.

“भाऊ, तुमी तं सगळे कागद वाचता न?”

“हो.”

“मंग हेही वाचले असन. मले वाटे, खाली रेकॉर्डले जाते, कोणीतरी वाचन, काही म्हणन. म्हणूनच लिहून राहिली होती मी.”

मी रॅककडे तोंड केलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “इथे काम खूप असतं, सिस्टर.”

“‘इथे काम खूप असतं, सिस्टर,’” तिनं त्याच सपाट आवाजात मला वाचून दाखवलं. “बरोबर?”

मी म्हणालो, बरोबर. तिनं घड्याळ पाहिलं आणि बस पकडायला निघून गेली.