बघतेबाईंचं ‘डेफिनेटली’

दवाखान्यांत आणि घरोघरी आजाऱ्यांना लागणारी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत फोन घ्यायला सहाजणी बसत. त्यांतल्या एकीला सगळ्या बघतेबाई म्हणत. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं की तिचं आपलं ठरलेलं, बघते आणि सांगते.

साहेबांनी भिंतीवर कागद डकवला होता. फोनवर बोलताना ‘रिअली’, ‘सर्टनली’, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’, ‘डेफिनेटली’ यांतले निदान तीन शब्द आलेच पाहिजेत, त्यावर गुण. बाकीच्या पाचजणी ते मिठासारखे भुरभुरवायच्या. “म्हणायला काय जातंय गं तुझं?” शेजारची म्हणे. “त्याला बरं वाटतं, आपल्याला गुण मिळतात.”

बघतेबाईंनी इंग्रजी लग्नानंतर शिकून घेतलेलं, भाजी निवडता निवडता. त्यामुळे प्रत्येक शब्द त्यांनी पारखून घेतलेला. ‘रिअली सॉरी’ त्या मोकळेपणी म्हणत, कारण त्यांना खरंच वाईट वाटायचं. ‘सर्टनली’ म्हणजे ‘हो, करते की’. तेही जड नव्हतं. ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणजे तसूभरही कमी नाही, ते क्वचित. पण ‘डेफिनेटली’ म्हणजे शब्द दिला, आणि दिलेला शब्द वरचा ऐकत असतो. म्हणून मेकॅनिकला स्वतः फोन करून वेळ पक्की केल्याशिवाय तो त्यांच्या ओठांवर येत नसे. यात चार मिनिटं जास्त जायची आणि गुण तळाला. या महिन्यातही तसंच झालं तर खुर्ची सोडा, असं साहेबांनी बजावलं होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला; घर त्यांच्याच पगारावर.

महिनाअखेरीला साहेब स्वतः बाईंचं बोलणं ऐकायला शेजारी कानाला फोन लावून बसले. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायकोचं प्राणवायूचं यंत्र बंद पडलेलं, जोडीला ठेवलेला प्राणवायूचा सिलिंडर संध्याकाळी सहापर्यंतच पुरणार. माणूस पाचला येईल ना?

साहेबांनी कागदाकडे बोट दाखवलं. बघतेबाईंनी ‘रिअली सॉरी’ म्हणून त्यांना थांबवलं आणि मेकॅनिकला गाठलं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडीचं चाक बसलेलं. आठच्या आत शक्यच नाही, म्हणाला. मग बाईंनी रुग्णवाहिकावाल्याला फोन करून गाडी पक्की केली.

“आजोबा, पाचला कुणी येणार नाही,” बाईंनी सांगितलं. “वाट बघू नका. आजींना आत्ताच दवाखान्यात हलवा. गाडी मी पाठवते, डेफिनेटली.”

आजोबा चिडले, कंपनीचा उद्धार केला, पण उठले. बाईंनी रुग्णवाहिका कुठवर आली ते दोनदा विचारलं आणि आजी दवाखान्यात पोचल्यावरच दुसरा फोन घेतला.

साहेबांनी गुणांच्या कागदावर काहीच लिहिलं नाही. म्हणाले, “मी असतो तर पाचला येईल म्हणालो असतो.”

सोमवारी त्यांनी श्वासाच्या यंत्रांचे सगळे फोन बाईंकडे वळवले, आणि त्या टेबलाला गुणांचा कागद लागू नाही असं कंपनीच्या वरिष्ठांकडून लिहून आणलं. बाईंनी मनोमन हात जोडले आणि सगळ्या मेकॅनिकांचे घरचे नंबर मागून घेतले. आता मेकॅनिकांच्या बायका बाईंचा फोन उचलल्या उचलल्या म्हणतात, “निघालेत हो, जेवूनच निघालेत.”