एका गाडीची जागा

शेजारच्याला धक्का मारून जो पुढे गेला, त्याला तुम्ही जिंकलेला म्हणाल का? नीट विचार करून सांगा. माझ्या आत्याच्या घरी या प्रश्नाचं उत्तर चुकलं की चहा मिळत नसे. परभणी जिल्ह्यात स्टिअरिंग धरणारी माणसं हजारोंनी असतील. पण वळणावर आपल्याशिवाय आणखीही कुणी असतं, हे मनापासून मानणारी मी पाहिलेली एकटी माझी आत्या. आणि तीही खऱ्या रस्त्यावर नव्हे, कॉम्प्युटरवर. खरी गाडी तिला येतच नव्हती. सायकलसुद्धा नाही.

आत्या सेलूला प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर आणि शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग मागे राहिलं. धूळ पुसता पुसता तिनं ते एकदा चालू केलं, आणि त्यानंतर त्यावर धूळ बसायची सोयच उरली नाही. स्टिअरिंग शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलेलं. पायातला ब्रेक फरशीवर पुढे पळे, म्हणून त्याच्यापुढे पाटा लावलेला. प्लास्टिकची खुर्ची मागे घसरे, म्हणून तिच्या पाठीशी ज्वारीचं पोतं. पोतं भरलेलं असलं की आत्या ठरल्या जागी थांबे. ज्वारी संपत आली की प्रत्येक वळणावर जरा पुढेच जाई. तिची गाडी बघून घरात किती धान्य उरलंय ते सांगता येत असे.

रविवारी दुपारी जिल्ह्यातली मंडळी ऑनलाइन जमत. अंबाड्यावरून हेडफोन चढवून आत्या सगळ्यांना जयभीम घाली आणि लगेच वर्ग सुरू करी. सुटल्यावर पहिल्या वळणात सगळ्या गाड्या एकदम घुसतात आणि निम्म्या तिथेच आपटतात, हा या खेळाचा जुना रोग. आत्या तिथे सगळ्यांच्या आधी ब्रेक दाबी आणि माइकवर कंडक्टरसारखी ओरडे, "दमानं या, सगळ्यांला जागा हाय!" गाडी घसरून बाहेर गेली तर परत येताना ती आधी मागे बघे, मग पुढे बघे, मग पुन्हा मागे बघे. एकदा ती कुणी येतंय का बघत इतकी थांबली की सगळे फेरी पूर्ण करून पुन्हा तिच्यासमोरून गेले. एक फेरी पुढे असलेली गाडी मागून आली की ही बाजू देऊन म्हणे, "जा बाबा, तुला लय घाई हाय." चुकून कुणाला लागलं की शर्यत संपल्यावर फोन करून माफी. एका गृहस्थांची तिनं इतक्यांदा माफी मागितली की शेवटी त्यांनीच तिची माफी मागितली.

मला हा सगळा भित्रेपणा वाटे. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, आता ती लिहितोही. आमच्या घरात कोनाड्यातल्या गठ्ठ्यांतून अक्षरओळख झाली, त्यामुळे 'बाजू द्या' हे शब्दच मला सहन होत नाहीत. मी तिला म्हणालो, "आत्या, किती जणांला वाट देतीस? आपल्या लोकांनी जन्मभर तेच केलं."

तिनं हेडफोन काढला. "तुझा आजा गावच्या रस्त्यानं जायचा ना, तवा समोरून कुणी बडं आलं की त्याला खाली काट्यात उतराया लागायचं. वाट देणं येगळं आन वाटंवरून ढकलणं येगळं. माझ्या शेजारी जो असंल त्याला एका गाडीची जागा. मलाबी तेवढीच. कमी न्हाई."

मी पुढची सगळी पत्रकं या एका वाक्यावर लिहितो आहे.

पण गटात सगळेच तिच्यासारखे नव्हते. बोरी गावचा एक तरणाबांड शेतकरी होता. गाडी फार सुंदर चालवायचा आणि समोर कुणी आलं की उडवायचा. "धक्काबुक्की चालणारच की आत्या, शर्यत हाय, लग्नाची वरात न्हाई," असं त्याचं म्हणणं. वाद इतका वाढला की शेवटी ठरलं, या हंगामाची शेवटची शर्यत जो जिंकेल तो पुढच्या हंगामाचे नियम ठरवेल. आत्या तोवर एकही शर्यत जिंकली नव्हती. त्या आठवड्यात तिनं भाकरी थापताना, वह्या तपासताना, तोंडानं वळणं घेतली.

त्या रविवारी मी तिच्या शेजारीच बसलो होतो. शेवटच्या फेरीत बोरीवाला पुढे, आत्या त्याच्या मागे चिकटलेली. शेवटचं वळण आलं. आत्यानं ताकदीनं ब्रेक दाबला, आणि ब्रेक दबण्याऐवजी आत्याच खुर्चीसकट मागे गेली. ज्वारीला किडे लागले म्हणून मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, सकाळीच पोतं गच्चीवर उन्हात नेऊन ओतलं होतं! खुर्ची भिंतीला, पाय हवेत, आणि गाडी सरळ बोरीवाल्याच्या अंगावर. तो गरागरा फिरत वाळूत गेला. खेळानं शिक्षा दिली नाही. समोर मोकळा रस्ता आणि शेवटची रेघ.

"आत्या, जा!" मी ओरडलो. हेडफोनमधूनही सगळे तेच ओरडत होते.

आत्यानं गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

"बोरीवाल्या, चूक माझी हाय. ये, आधी तू जा."

"आत्या, काय करायलाव? जावा की! मी जिंकलो तर माझाच नियम लागंल."

"लागू दे. तुला ढकलून माझा नियम कसा आणू? ये लवकर, मागचे यायलेत."

तो वाळूतून हळूहळू वर आला. वर येण्याआधी, मी डोळ्यांनी पाहिलं, मागून कुणी येतंय का बघायला त्याची गाडी कडेला थांबली. मग तो गेला, जिंकला, आणि आत्या चौथी आली. मामा गच्चीवरून उतरले आणि विचारलं, "काय झालं?" आत्या म्हणाली, "ज्वारी वाळली का?"

पुढच्या हंगामाचा नियम बोरीवाल्यानं जाहीर केला: शेजारच्याला एका गाडीची जागा सोडायची, पहिल्या वळणात मात्र थोडं इकडंतिकडं चालतं. त्या 'थोडं'वरून आत्या पूर्ण हंगाम त्याच्याशी भांडली.

आता ती नातवाला सांभाळायला पुण्याला गेली आहे. स्टिअरिंग माझ्याकडे आहे, पोतं नाही, म्हणून मी वळणाला लांब जातो. रविवारी बोरीवाला सुरुवातीलाच म्हणतो, "दमानं या, सगळ्यांला जागा हाय."

तुम्ही हा खेळ खेळत असाल तर उद्याच्या शर्यतीत एवढं करा: पहिल्या वळणात शेजारी बघा आणि एका गाडीची जागा सोडा. खेळत नसाल तर आज सेलू-पाथरी रस्त्यावर, सायकलवाला दिसेल तिथे सोडा.